धान किती दिवसांचा, आणि कोणाच्या हिशेबानें?

धानाचें बियाणें घेतांना आपण सर्वजण पहिला प्रश्न विचारतों तो "किती दिवसांचा?" हाच. देणाराहि "एकशेंवीस" किंवा "एकशेंपंचेचाळीस" असा आंकडा सांगून मोकळा होतो, आणि त्या आंकड्यावर विसंबून आपण कोणत्या बांधींत काय रोवावें हें ठरवितों. हा प्रश्न चुकीचा नाहीं; परंतु तो अर्धा आहे. उरलेला अर्धा असा कीं, हा धान आपले दिवस कोणाच्या हिशेबानें मोजतो? स्वतःच्या वयाच्या, कीं सूर्याच्या? हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळें आम्हीं एका हंगामाचें पीक आणि एका वडील माणसाचा लोभ अशा दोन्ही गोष्टी गमाविल्या. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहों. आम्ही कांहीं शास्त्रज्ञ नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाची विद्या ती किती! परंतु आंकडे आणि तारखा यांची संवय अशा हाताला जडलेली असते, आणि या विषयांत मुख्य काम त्यांचेंच आहे.

प्रथम आमची फजिती सांगतों. त्या वर्षीं एटापल्लीकडे मृगांत चार सरी पडल्या, आर्द्रा लागतांच सर्वांनीं पऱ्हे टाकिले, आणि मग पाऊस दडी मारून बसला. पुनर्वसु गेलें, पुष्य गेलें. विहिरीचें पाणी शिंपून आम्हीं पऱ्हे कसेबसे जगविले. आश्लेषांत पावसानें तोंड दाखविलें तेव्हां पऱ्ह्यांचें वय दीड महिन्याचें झालें होतें. चिखलणी करून त्यांचीच रोवणी उरकली. बियाणें हलक्या धानाचें होतें, एकशेंदहा दिवसांचें, आणि तें गांवांतील एका वृद्ध, अनुभवी शेतकऱ्याकडून घेतलेलें. रोवणीस महिना पुरा होतो न होतो तोंच आमचा धान निसवला. फुटवे दोन किंवा तीन, लोंबी बोटाएवढी, आणि तींत मोजून घ्यावे इतके दाणे. धुऱ्यापलीकडील बांधींत त्याच वयाचे जड धानाचे पऱ्हे रोविलेले होते. ते मात्र डौलानें वाढत होते आणि पुढें ऑक्टोबरांत नेहमींच्याच सुमारास निसवले.

आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांच्या ओट्यावर जाऊन चार माणसांदेखत त्यांस बोल लाविला कीं, तुम्हीं भलतेंच बी दिलें. ते इतकेंच म्हणाले, "बाबूजी, बी तेंच आहे अन् दिवसहि तेच आहेत. तुम्हीं अर्धे दिवस पऱ्ह्यांतच खर्च केले." आम्हांस तें उत्तर टाळाटाळीचें वाटलें. त्यांत किती अचूक शास्त्र भरलें होतें, हें पुष्कळ उशिरां कळलें.

धानाच्या आयुष्याचे तीन भाग पडतात. बी रुजल्यापासून पोटांत लोंबीचा अंकुर धरेपर्यंत पहिला. अंकुर धरल्यापासून पोटरी येऊन लोंबी बाहेर पडेपर्यंत दुसरा. आणि निसवल्यापासून दाणा पिकेपर्यंत तिसरा. यांतील दुसऱ्या भागास सुमारें ३० दिवस लागतात व तिसऱ्यासहि आपल्या हवेंत तितकेच. धान हलका असो वा जड, या साठ दिवसांत फारसा फरक पडत नाहीं. म्हणजे एकशेंदहा दिवसांचा धान पन्नासाव्या दिवसाच्या आंतबाहेर लोंबीचा अंकुर धरतो, आणि एकशेंपंचेचाळीस दिवसांचा पंचाऐंशीव्या दिवसाच्या सुमारास. हलक्या-जडांतील सारा भेद काय तो पहिल्या भागाच्या लांबींत आहे. याच काळांत रोप फुटवे धरतें, पानें वाढवितें आणि पुढच्या दाण्याची पुंजी गोळा करतें. अंकुर एकदां धरला कीं पुंजी वाढविण्याची मुदत संपली. आमच्या हलक्या धानानें पन्नास दिवसांपैकीं पंचेचाळीस दिवस पऱ्ह्यांच्या दाटींत, तहानेनें व्याकूळ होऊन काढले. बांधींत पाय टेकतो न टेकतो तोंच त्याची मुदत भरली. म्हातारबाबा म्हणाले तें अक्षरशः खरें होतें.

मग धुऱ्यापलीकडच्या धानाची मुदत कां भरली नाहीं? तो जड होता, हें एक कारण. परंतु तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. त्याच जातीचे पऱ्हे जूनच्या आरंभीं टाका कीं जुलैच्या मध्यास टाका, ती ऑक्टोबरच्या त्याच आठवड्यांत निसवते, हें जुन्या शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. अशा धानास "किती दिवसांचा?" हा प्रश्नच लागू पडत नाहीं. लौकर पेरिला तर तो दीडशें दिवसांचा, उशिरां पेरिला तर सव्वाशेंचा. तो आपलें वय पाहत नाहीं. तो तारीख पाहतो. आमच्या सोयीकरितां पहिल्या प्रकारास आम्ही "वयाचा धान" व या दुसऱ्या प्रकारास "तारखेचा धान" म्हणूं. येथें एक घोटाळा टाळावा. हलका म्हणजे वयाचा आणि जड म्हणजे तारखेचा, असें सरसकट नाहीं. जुन्या जड जातींपैकीं पुष्कळ तारखेच्या होत्या हें खरें. परंतु वयानें चालणारा जड धानहि असतो, आणि दोहोंच्या मधले, अर्धें वय व अर्धी तारीख पाहणारे, तर विपुल आहेत.

तारीख त्या मुक्या रोपास कळते कशी? तें दिवसमान पाहतें. एटापल्ली साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या किंचित् उत्तरेस आहे. येथें जूनच्या अखेरीस सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा असतो. १ सप्टेंबरला तो साडेबारा तासांवर येतो, १ ऑक्टोबरला बारांवर, आणि डिसेंबरांत अकरा तासांहून थोडा कमी होतो. म्हणजे पऱ्हे टाकल्यापासून लोंबीचा अंकुर धरण्याच्या वेळेपर्यंत दिवस जेमतेम पाऊणएक तासानें लहान होतो. माणसाच्या तें ध्यानांतहि येत नाहीं. धान मात्र अर्ध्या तासाचा फरक ओळखतो. दिवसमान एका ठराविक मर्यादेखालीं उतरलें कीं, "आतां पावसाळा सरत आला, लोंबी धरावी," असें जणूं त्यास कळतें.

वनस्पतींचा हा गुण १९२० सालीं अमेरिकेंतील गार्नर व अ‍ॅलर्ड या दोघां शास्त्रज्ञांनीं प्रथम नीट उघड केला. त्यांच्याजवळ तंबाखूची एक जात होती. ती उन्हाळ्यांत पुरुषभर उंच वाढे, पण फूल धरीत नसे. तिचीं रोपें त्यांनीं रोज दुपारनंतर अंधाऱ्या कोठडींत नेऊन ठेवण्यास आरंभ केला; दिवस लहान झालासें वाटून त्यांस फुलें आलीं. पुढें १९३८ सालीं हॅम्नर व बॉनर यांनीं दाखविलें कीं, अशीं रोपें वास्तविक दिवस मोजीत नाहींत, तीं रात्र मोजतात. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा दाखविला कीं त्यांचा सारा हिशेब मोडतो.

ही रात्र मोजण्याची गोष्ट पुस्तकांतलीच आहे असें समजूं नये. रस्त्याच्या कडेस विजेचा खांब असून त्याच्या उजेडांत बांधी येत असेल, तर ऑक्टोबरांत तेथें जाऊन पाहावें. सर्व बांधी निसवलेली, आणि दिव्याखालचा तेवढा गोल तुकडा हिरवागार, लोंबीशिवाय उभा. खताचा दोष, किडीचा दोष, कोणाची दृष्ट लागली, असे नाना तर्क आम्हीं त्याविषयीं ऐकले आहेत. दोष दिव्याचा असतो. धान तारखेचा असेल तरच हें घडतें. वयाच्या धानास दिव्याची फिकीर नसते. म्हणून दोहोंची ओळख पटविण्याची ही एक फुकटची कसोटीच म्हणावी.

उन्हाळी धानाची फसगतहि यांतलीच. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं नवी विहीर झाल्याच्या आनंदांत घरचाच जुना जड धान जानेवारींत टाकिला. फेब्रुवारी-मार्चांत रोपें अंकुर धरण्याच्या वयास आलीं, तोंवर दिवस वाढूं लागले होते. धान वाट पाहत राहिला, पानावर पान काढीत राहिला. मे महिन्यांत तो छातीइतका उंच होता आणि लोंबी एकहि नव्हती. शेवटीं कापून जनावरांपुढें टाकिला. बियाणें बिघडलें नव्हतें. तें आपल्या वाडवडिलांची शिस्त पाळीत होतें.

आतां ही शिस्त बियाण्यांत कोठें लिहिलेली असते व ती एका जातींत एक, दुसरींत दुसरी कां, तें पाहूं. हा भाग थोडा अवघड आहे. पण महसूल कचेरीचा कारभार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस कळण्यास हरकत नाहीं.

दिवसमान ओळखतें तें पान, आणि लोंबी धरते ती खोडाच्या शेंड्याच्या आंत. म्हणजे नोंद एका ठिकाणीं आणि अंमल दुसऱ्या ठिकाणीं. तेव्हां पानाकडून शेंड्याकडे कांहीं हुकूम जात असला पाहिजे, असें रशियांतील चैलाख्यान यांनीं १९३७ च्या सुमारास प्रतिपादिलें. त्या हुकुमास त्यांनीं "फ्लोरिजेन" असें नांव दिलें, परंतु तो पदार्थ कोणता, हें पुढें सुमारें सत्तर वर्षें कोणास सांपडलें नाहीं. तो शेवटीं आपल्या धानांतच सांपडला, ही मौजेची गोष्ट आहे. २००७ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, एचडी-३ए नांवाच्या जनुकापासून धानाच्या पानांत एक प्रथिन तयार होतें, तें रसवाहिन्यांतून शेंड्यापर्यंत जातें, आणि तें पोंचलें कीं लोंबीचा अंकुर धरतो. याच सुमारास युरोपांत दुसऱ्या एका वनस्पतींतहि तसेंच आढळलें. जनुक म्हणजे बियाण्यांत पिढीजात चालत आलेला लेखी नियम असें समजावें. अशा हजारों नियमांचीं दप्तरें धानाच्या प्रत्येक पेशींत गुणसूत्रांच्या बारा जोड्यांवर बांधून ठेविलेलीं असतात. "एचडी" हीं अक्षरें "निसवण्याची तारीख" या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत.

हुकूम सुटला कीं काम झालें. पण तो सुटूं द्यावयाचा कीं दाबून ठेवावयाचा, हें ठरविणारे अधिकारी निराळे आहेत. त्यांतील मुख्य एचडी-१. हा २००० सालीं जपानांत उजेडांत आला. त्याचा स्वभाव विलक्षण आहे. दिवस मोठे असतांना हा हुकुमाचा कागद दाबून बसतो, आणि दिवस लहान झाले कीं तोच अधिकारी कागदावर सही करून तो पुढें धाडतो. तारखेच्या धानाची सारी तारीख मुख्यतः याच्या हातीं असते. दुसरा जीएचडी-७; हा २००८ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं शोधिला. मोठ्या दिवसांत अडवणूक करणें एवढेंच याचें काम. तिसरा ईएचडी-१, तो मात्र कागद पुढें ढकलणारा. जीएचडी-७ अडवणूक करतो ती यालाच दाबून करतो. आणखीहि अनेक अधिकारी आहेत; सर्वांचीं नांवें देऊन वाचकांस कंटाळा आणीत नाहीं.

आतां एखाद्या धानाच्या दप्तरांत एचडी-१ चा कागदच फाटका असला तर काय होईल? मोठ्या दिवसांत अडविणारा कोणी उरला नाहीं. धान वय भरतांच निसवेल. जपानी संशोधकांनीं नेमकें हेंच पाहिलें. त्यांनीं आपल्या निप्पोनबारे या जातीचा आपल्या उपखंडाच्या पूर्वभागांतील कसलथ या जातीशीं संकर केला होता. निप्पोनबारेंतील एचडी-१ धड होतें. कसलथमधील लेखांतून कांहीं अक्षरें गळालेलीं होतीं, त्यामुळें तो निकामी होता. कसलथ ही जात "औस" वर्गांतील. बंगाल-आसामकडे औस धान उन्हाळ्याच्या तोंडीं पेरून पावसाळ्यांतच कापीत, म्हणजे ऐन मोठ्या दिवसांत तो निसवावा लागे. कोणा काळीं एखाद्या शेतांत आपोआप अक्षरें गळालेलें एक रोप लौकर निसवलें असेल, तें शेतकऱ्यानें वेगळें काढून जपलें असेल. अक्षरें म्हणजे काय हें त्यास कळण्याचें कारण नव्हतें. पुढें जगांतील अनेक जाती तपासल्या तेव्हां एचडी-१ चे असे मोडके लेख एक नव्हे तर अनेक प्रकारचे निघाले. अर्थ असा कीं, निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या वेळीं, निरनिराळ्या शेतकऱ्यांनीं हलका धान स्वतंत्रपणें निवडून काढिला.

हा गुण आईबापांकडून संततींत कसा उतरतो? मेंडेल यांचा नियम पुष्कळांनीं ऐकला असेल. जड व हलक्या धानाचा संकर केला आणि भेद एकाच जनुकाचा असला, तर दुसऱ्या पिढींत चार रोपांपैकीं सुमारें तीन एका वळणाचीं व एक दुसऱ्या वळणाचें निघतें. आपल्या देशांत कोईमतूर येथें १९१२ सालीं धानाच्या पैदाशीचें केंद्र निघालें, आणि तेथें के. रामय्या यांनीं धानाच्या अनेक गुणांप्रमाणें निसवण्याच्या मुदतीच्या आनुवंशिकतेचाहि अभ्यास केला. परंतु वर सांगितल्याप्रमाणें अधिकारी अनेक असल्यामुळें पुष्कळदां तीनास एक असा सरळ हिशेब लागत नाहीं. लौकर निसवणाऱ्यापासून उशिरां निसवणाऱ्यापर्यंत शिडीसारखी रांगच लागते. कधीं कधीं तर आईबाप दोन्ही मध्यम, आणि नातवंडांत कांहीं दोघांपेक्षां हलकीं व कांहीं दोघांपेक्षां जड. यांत चमत्कार नाहीं. एका बाजूस पहिला अधिकारी निकामी होता, दुसऱ्या बाजूस दुसरा. एका नातवंडाच्या वांट्यास दोन्ही निकामी आले, दुसऱ्याच्या वांट्यास दोन्ही धड.

जीएचडी-७ विषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हें जनुक धड असलें कीं धान उशिरां निसवतो एवढेंच नव्हे, तर उंच होतो आणि लोंबींत दाणेहि अधिक धरतो. म्हणजे जड धानाचें उत्पन्न अधिक ही आपली समजूत निराधार नाहीं. पुंजी जमविण्यास मुदत अधिक, आणि वर हें जनुक अनुकूल. उलट हलक्या धानानें उत्पन्नांत कांहीं सोडलेलें असतें. त्याच्या मोबदल्यांत तो पाऊस जाण्यापूर्वीं घरीं येण्याची हमी देतो. हा सौदा आहे, आणि तो फायद्याचा कीं तोट्याचा हें धानावर नव्हे, बांधीवर अवलंबून आहे.

आपल्याकडे पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यासुमारास परततो. उंचावरच्या बरड बांधींत त्यानंतर पंधरा दिवसहि ओल राहत नाहीं. खालच्या खोलगट बांधींत, बोडी-तलावाच्या पाण्याखालीं, ती महिनाभर टिकते. ऑक्टोबरच्या मध्यास निसवणारा तारखेचा धान बरड बांधींत लावणें म्हणजे दाण्यांत दूध भरण्याच्या वेळीं त्यास उपाशी ठेवणें होय. या संबंधांत नोकरींतील एक अनुभव सांगतों. आणेवारी, जिला आतां पैसेवारी म्हणतात, तिच्या कागदांवर आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. सप्टेंबरच्या अखेरीस नजरअंदाज होतो. त्या वेळीं हलका धान पिवळा पडून पिकावयास लागलेला असतो व त्याचें उणेंअधिक सर्वांस दिसतें. जड धान मात्र हिरवाकंच, दृष्ट लागेल असा उभा असतो. पाहणारे माना डोलावतात आणि आंकडा वर चढतो. ऑक्टोबरांत पाऊस आंखडला कीं त्याच बांधीची पोचट होते. पीककापणीचे प्रयोग झाल्यावर आंकडा दुरुस्त होतो खरा. परंतु शेतकऱ्याच्या मनांत पहिला आंकडाच घर करून बसतो, आणि कागद लिहिणारास चार शब्द ऐकावे लागतात. आम्हींहि ते ऐकिले आहेत, आणि त्या वेळीं धानाचे हे दोन हिशेब आम्हांस ठाऊक असते तर निदान उत्तर तरी देतां आलें असतें.

बरड बांधीस हलका व खोलगटास जड, हा विवेक आपल्या भागांत जुनाच आहे. हलका धान लौकर निघाल्यानें उरल्या ओलीवर लाखोळी, जवस यांचा उतेरा साधतो, हाहि लाभ आहे. नवीन आलें तें असें: फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें १९६६ सालीं आयआर-८ ही बुटकी जात दिली, आपल्या देशांत १९६८ सालीं जया आली, आणि तेव्हांपासून पैदाशींत तारीख न पाहणाऱ्या, वयानें चालणाऱ्या जातींस मान मिळाला. त्या कोठेंहि, कोणत्याहि हंगामांत लावतां येतात. उन्हाळी धान आज जो दिसतो तो त्यांच्याचमुळें. आज आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर लागणारी एमटीयू-१०१० ही सुमारें एकशेंवीस दिवसांची जात या वळणाची आहे. लाभ मोठा झाला. पण जुन्या तारखेच्या धानाच्या अंगीं असलेला एक गुण त्याबरोबर बांधीबाहेर गेला, आणि तो पाऊस लांबलेल्या वर्षीं आठवतो.

त्या गुणाविषयीं स्पष्ट लिहितों, कारण आमचें नुकसान येथेंच झालें. वयाच्या धानाचे पऱ्हे पंचवीस दिवसांच्या आंत रोवावे. हलका असेल तर वीस-बावीसच बरे. पाऊस लांबेलसें दिसतांच सर्व बियाणें एकदम टाकूं नये. निम्में राखून ठेवावें व पंधरा दिवसांनीं टाकावें. पऱ्हे महिन्यावर म्हातारे झालेच तर त्यांचा मोह सोडून, शिल्लक बी असल्यास चिखलावर फेकावें, तें अधिक बरें. तारखेच्या धानाचे पऱ्हे मात्र दीड-दोन महिन्यांचे झाले तरी पोटांत अंकुर धरीत नाहींत. ते वाट पाहतात. उशिरां रोविले तर फुटवे कमी येतात, म्हणून चुडांत रोपें अधिक घ्यावीं व चूड जवळजवळ लावावे. उत्पन्न थोडें घटेल, पण पीक हातचें जाणार नाहीं. ज्यांच्याकडे खोलगट बांधी आहे त्यांनीं निदान एका बांधीपुरतें तारखेच्या जुन्या धानाचें बी जिवंत ठेवावें, असें आमचें मत आहे. सर्व गांवांत एकाच वयाची एकच जात असणें आम्हांस धोक्याचें वाटतें. गांवकऱ्यांपैकीं तरुण मंडळी याबद्दल आम्हांस हंसतात, हंसोत.

आपल्या घरचा धान कोणत्या प्रकारचा, हें कोणासहि घरबसल्या ठरवितां येतें. पाण्याची सोय असलेल्या जागीं दोन लहान वाफे घ्यावे. एकांत १५ जूनला बी टाकावें, दुसऱ्यांत त्याच पायलींतलें बी १५ जुलैला. निम्म्या लोंब्या बाहेर पडल्या म्हणजे त्या त्या वाफ्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. दोन तारखांत महिन्याचें अंतर राहिलें तर धान वयाचा. अंतर आठवड्याच्या आंत आलें तर तारखेचा. दहा-वीस दिवस राहिलें तर मिश्र स्वभावाचा. दिव्याचा उजेड मात्र वाफ्यावर नसावा, नाहीं तर निकाल चुकेल.

एकाच वाफ्यांत कांहीं रोपें पंधरा दिवस आधीं व कांहीं पंधरा दिवस मागाहून निसवलीं, तर बियाण्यांत भेसळ आहे किंवा केव्हां तरी संकर झाला आहे असें समजावें. धानाचें फूल सकाळच्या प्रहरीं तासभर उघडतें आणि बहुतेक स्वतःच्याच परागानें फळतें. शेजारच्या जातीचा पराग लागण्याचें प्रमाण शंभरांत एकाहूनहि कमी असतें. म्हणून निवडलेली लोंबी पुढील पिढ्यांत बहुधा आपलें वळण राखते, आणि म्हणूनच निवड करणें हें साध्या शेतकऱ्याच्या हातचें काम आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्याच्या नांदेड गांवचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांस १९८३ सालीं पटेल-३ या धानाच्या शेतांत कांहीं निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या वेगळ्या काढून वर्षानुवर्षें वेगळ्या पेरिल्या; त्यांतून एचएमटी हा बारीक धान निघाला आणि घड्याळाचें नांव घेऊन गांवोगांव पसरला. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाची पीकेव्ही एचएमटी ही जात १९९८ सालीं आली तीहि त्याच धानापासून. दादाजी २०१८ सालीं वारले. त्यांची नजर दाण्याच्या बारीकपणावर गेली; तीच रीत निसवण्याच्या तारखेवर नजर ठेवून चालवितां येते. बरड बांधींत सर्वांआधीं, परंतु भरदार निसवलेल्या चार लोंब्यांस दोरा बांधावा, त्या निराळ्या चुराव्या, आणि पुढील वर्षीं प्रत्येक लोंबीची ओळ निराळी लावावी. बेणें राखावयाच्या बांधींतून मात्र फार आधीं व फार मागाहून निसवलेलीं रोपें उपटून टाकावीं.

दोन वाफ्यांचा हा प्रयोग आम्हीं प्रथम केला तो त्या म्हातारबाबांच्याच बियाण्यावर. दोन्ही वाफे पेरणीपासून जवळजवळ तितक्याच दिवसांनीं निसवले; दोहोंच्या तारखांत एकोणतीस दिवसांचें अंतर पडलें. बी वयाचें होतें, त्यांनीं सांगितलेल्या दिवसांचेंच होतें, आणि त्यांत भेसळ एका रोपाचीहि नव्हती. तारखा लिहिलेला कागद घेऊन आम्ही त्यांच्या ओट्यावर गेलों. त्यांस वाचतां येत नव्हतें. नातवानें वाचून दाखविला. ऐकून घेऊन ते म्हणाले, "बसा बाबूजी, चहा घ्या," आणि आंतून एका फडक्यांत बांधलेलें दुसरें बी आणून आमच्यापुढें ठेविलें. "हा जड आहे. केव्हांहि टाका, दिवाळीलाच निसवतो." त्याचा एक वाफा यंदां आर्द्रांत टाकिला आहे, दुसरा महिन्यानें टाकूं. निसवण्याच्या तारखा येतील तशा याच मासिकांत देऊं.